मधू टेंभे आणि तो एक शब्द

मधू टेंभे मैदानावर आला की आधी चपला काढायचा आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अनवाणी चालत जायचा. मान खाली, हात पाठीमागे. खडा दिसला की वाकून उचलायचा आणि खिशात टाकायचा. आपल्या पायाला लागेल तो खडा, समोरच्यांच्या पायाला लागेल तो खडा असा भेद त्याच्यापाशी नव्हता. सामना असो की रोजचा सराव, हे झाल्याशिवाय तो लंगोट कसत नसे. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हेच करत होता. मी हसून विचारलं, "काय भई, मैदान विकत घ्यायचंय का?"

तो म्हणाला, "पायांना विचारून घेतोय. पळायचं त्यांना आहे, मला नाही."

सगळे हसले. माझ्यावर नाही, पण माझ्या बोलण्यावर हसायचं सोडून त्याच्या बोलण्यावर हसले. आमच्या क्रीडा मंडळात तोवर असं कधी झालं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मागे पाहताना वाटतं, माझ्या मनात जे पुढे वाढत गेलं त्याची सुरुवात त्याच क्षणी झाली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आसपासची लहानसहान संस्थानं मध्य भारतात विलीन झाली होती आणि त्या संस्थानांच्या पदरी असलेली मराठी माणसं कामाच्या शोधात उज्जैनला, इंदूरला येत होती. मधूचे वडील अशाच एका छोट्या दरबारात चित्रकार होते. दरबार गेला, मागोमाग वडीलही गेले. मधू आईला घेऊन उज्जैनला आला आणि एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला. वय सव्वीस. माझंही तेवढंच. मी कलेक्टर कचेरीत कारकून होतो. आमचं घराणं शिंद्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे मंडळात मला मान होता. शिवाय मंडळात खो-खोचा पहिल्या नंबरचा गडी मीच होतो. म्हणजे मधू येईपर्यंत होतो.

पाठलागात माझ्याइतका वेगवान कुणी नव्हतं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. पण खो-खोत लोकांचे डोळे पाठलाग करणाऱ्यावर नसतात, पळणाऱ्यावर असतात. मधू पळायचा म्हणजे काय करायचा ते सांगणं कठीण आहे. तो धावतोय असं वाटायचंच नाही. बसलेल्या गड्यांच्या मधून तो कमरेतून वळत, एका खांद्याने आत शिरत आणि दुसऱ्याने बाहेर पडत असा निघून जायचा की हात लांबवणाऱ्याला आपलाच हात परका वाटावा. मी तीन-चार मिनिटं धापा टाकत असायचो आणि तो ओठ मिटून, भुवया थोड्या उंचावून, एखादं चित्र रंगवत असल्यासारखा. कुणी "घाई कर" म्हणालं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "घाई कुणाला आहे? ज्याला आहे त्याला पुढे जाऊ द्या."

आमचे शिक्षक दादा सबनीस, निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांनी मला वयाच्या दहाव्या वर्षापासून शिकवलेलं. सोळा वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला सगळ्यांत मोठा कौतुकाचा शब्द होता "ठीक". मधूचा पहिला डाव बघितल्यावर ते शिट्टी हातात धरून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "टेंभे, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही दादा. घरी जागा कमी होती."

दादा मोठ्याने हसले. दादांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरी गेलो आणि जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

आता किशनबद्दल सांगायला हवं. किशन माझा शाळेपासूनचा मित्र. भैरवगढला त्याच्या वडिलांचा कापडावर ठसे मारून छपाई करायचा कारखाना होता. क्षिप्रेच्या काठी लाल-काळी लुगडी वाळत पडलेली असायची. किशन मंडळात आमच्याबरोबर खेळायचा. तो हिंदीत बोलायचा, मी मराठी-हिंदीची खिचडी करायचो, आणि आमचं सगळं जमायचं. मधूला त्याच्याकडे मीच घेऊन गेलो. किशनच्या वडिलांना नव्या ठशांसाठी नक्षी काढून देणारा माणूस हवा होता आणि मधूला शाळेच्या पगारात भागत नव्हतं. माझ्याच सायकलवर मागे बसवून मी त्याला भैरवगढला नेलं. त्याने तिथल्या तिथे खडूने जमिनीवर एक आंब्याची कोयरी काढली. किशनच्या वडिलांनी ती पुसू दिली नाही. किशन तर बघतच राहिला.

त्यानंतर किशन आणि मधू रोज पहाटे राम घाटावर पोहायला जाऊ लागले. मलाही बोलावलं होतं. मी दोनदा गेलो. पाण्यातून बाहेर येऊन ते दोघं पायरीवर बसायचे, फार बोलायचेही नाहीत. मी मध्ये बोलायचो तेव्हा ते ऐकून घ्यायचे. आपलं बोलणं कुणी ऐकून घेतंय हे कळलं की माणसाला फार वाईट वाटतं. तिसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही, आणि ते आले नाहीत मला हाका मारायला.

मधूची नखं छपाईच्या रंगाने लाल असायची. चालताना तो किंचित झुलायचा. आवाज मऊ. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "ते रकान्यात बसत नाही माझ्या." मंडळातले लोक मागून काहीबाही बोलायचे. मी सुरुवातीला त्यांना हटकायचो. मग हटकणं सोडलं. मग ऐकायला थांबायला लागलो.

इंदूरला स्पर्धा व्हायच्या होत्या. संघ निवडण्यासाठी दादांनी मंडळातच दोन बाजू पाडून सामना लावला. संध्याकाळची वेळ, बघायला दीडशे-दोनशे माणसं. मी पाठलागावर, मधू पळतोय. त्या दिवशी तो अंगात आल्यासारखा खेळत होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली, चार झाली. मी खो देऊन बसायचो, पुन्हा खो घेऊन उठायचो, आणि तो माझ्या बोटांपासून वीतभर लांब. लोक त्याच्या नावाने ओरडत होते. किशन कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता, "वाह मधू, वाह!" माझा बालपणचा मित्र.

मी ओरडलो, "अरे ए बायल्या, नाचतोस काय? खेळ!"

लोक हसले. ते हसू मला चढलं. मग मी हिंदीतला एक शब्द वापरला. तो मी इथे लिहीत नाही. पुरुषांवर जीव लावणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे जो शब्द घाणीसारखा फेकून मारतात, तोच. आणि त्याला मी किशनचं नाव जोडलं.

लोक पुन्हा हसले, या वेळी जास्त. मधू थांबला. पळता पळता मध्येच, दोन बसलेल्या गड्यांमधल्या पाटीवर दोन्ही पाय टेकून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला आणि ओरडलो, "बाद!"

दादांनी शिट्टी वाजवली. "गडी बाद नाही. तू बाहेर हो."

"दादा, हात लागलाय!"

"हात लागायच्या आधी जे लागलं ते ऐकलं मी. बाहेर हो."

मी कडेला वळून पाहिलं तर किशन तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. दादांचं म्हणणं होतं की मला त्या हंगामात खेळू देऊ नये. बाकीचे बावरले. इंदूरची स्पर्धा तोंडावर होती आणि पाठलागाला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष एक वकील होते. ते म्हणाले, "दादा, खेळात डोकं गरम होतं. शिव्या कोण देत नाही? आईबहिणीवरून देतात, तेव्हा आपण काही करत नाही. नियमांच्या पुस्तकात याला शिक्षा कुठे आहे?"

दादा म्हणाले, "तेव्हा केलं नाही ही आपली चूक. ती आणखी किती दिवस चालवायची?"

मग मधूला बोलावलं. सगळ्यांची खात्री होती की हा सालस माणूस म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं विसरून जाऊ. माझीही होती. खरं सांगायचं तर त्याने माफ केलं असतं तर त्यासाठीही मला त्याचा राग आला असता.

वकीलसाहेब म्हणाले, "टेंभे, श्रीधर तुमची माफी मागेल. तुम्ही मोठ्या मनाने विषय संपवा."

मधू म्हणाला, "मी माफ केलं तर विषय माझा होईल. हा विषय मैदानाचा आहे. श्रीधरने पायात पाय घालून मला पाडलं असतं तर पंचांनी मला विचारलं असतं का, की याला शिक्षा करू की नको?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, असं करू. तुम्ही एवढंच सांगा सगळ्यांसमोर, की तो जे म्हणाला ते धादांत खोटं आहे. म्हणजे मग ती बदनामी ठरते आणि आम्हाला शिक्षा देता येते."

एवढंच म्हणायचं होतं त्याने. एक वाक्य. खोलीतले सगळे त्याच्यासाठी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होते. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो काय करणार ते मला त्याच्या भुवयांवरून कळलं.

"ते मी सांगणार नाही," मधू म्हणाला. "खरं असेल तर शिवी चालते आणि खोटं असेल तर चालत नाही, असं आहे का? मग मला विचारू नका. आपलं आपण ठरवा." आणि नमस्कार करून निघून गेला.

तो गेल्यावर खोलीत जी कुजबुज झाली ती मला अजून आठवते. वकीलसाहेब म्हणाले, "घ्या. आता कुणाला शिक्षा करायची?" दोघे-तिघे हसले. दादा उठले. म्हणाले, "पुस्तकात नसेल, माझ्या शिट्टीत आहे. श्रीधर या हंगामात खेळणार नाही. नको असेल तर दुसरा शिक्षक बघा." दादांना सोडायची कुणाची हिंमत नव्हती. मी बाहेर राहिलो.

माझ्या शिक्षेतही मान त्यालाच मिळाला, हे मला सर्वांत जास्त लागलं.

इंदूरला संघ गेला. मी घरी काही न सांगता छोट्या लाइनीच्या गाडीने मागोमाग गेलो आणि गर्दीत लांब उभा राहिलो. मी का गेलो? तो हरावा म्हणून. दुसरं कारण नव्हतं. मधू पळायला उतरला आणि समोरच्या संघाच्या लोकांमधून तोच शब्द आला. हिंदीतला. आधी एका तोंडातून, मग दहा तोंडांतून, टाळीच्या ठेक्यावर. उज्जैनचं कुणीतरी तो तिथे घेऊन गेलं होतं. ओळखीचा आवाज एकही नव्हता, पण शब्द माझा होता. मी शेजारच्या माणसाचा खांदा धरला. तो मला म्हणाला, "मज़ा आ रहा है ना?"

दादा कडेवरून उठून पंचांकडे गेले. पंच म्हणाले, "साहब, ये तो चलता है." दादा आपला संघ काढून घ्यायला निघाले तेव्हा मधूने पळता पळताच हात केला. "दादा, बसा तुम्ही. माझी मिनिटं चाललीत."

या वेळी तो थांबला नाही. पूर्ण डाव नाबाद राहिला. पण पाठलागात आमचा संघ कमी पडला आणि आम्ही एका गुणाने हरलो. मी असतो तर तो गुण मिळाला असता, यात कुणालाच शंका नव्हती. परतल्यावर लोक मला काही म्हणाले नाहीत. मधूला म्हणाले, "बघ, तुझ्या हट्टापायी हरलो." तो म्हणाला, "हो. हरलो खरे." त्याने वाद घातला नाही आणि मानही खाली घातली नाही.

दुसरीकडे जे घडायचं ते घडलं होतं. माझं वाक्य दोन दिवसांत भैरवगढला पोचलं होतं. किशनच्या वडिलांनी मधूला नक्षीचं काम द्यायचं बंद केलं. किशनचं मंडळात येणं थांबलं, घाटावर जाणं थांबलं, आणि माघात त्याचं लग्न लागलं. मला आमंत्रण नव्हतं. मी एकदा कारखान्यावर गेलो तर किशनने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मी उठेपर्यंत कापडावर ठसे मारत राहिला. मला किशन मधूपासून वेगळा करायचा होता. तो झाला. माझ्याकडे मात्र परत आला नाही.

पुढल्या हंगामात मी पुन्हा खेळायला लागलो. मधू आणि मी एकाच संघात, पाठलागाच्या वेळी शेजारशेजारच्या चौकोनात बसायचो. मला वाटलं होतं हा मला टाळेल, किंवा मोठेपणा दाखवेल. त्याने दोन्ही केलं नाही. वेळेवर स्वच्छ खो द्यायचा. माझं चुकलं तर सांगायचा, "डाव्या पायावर लवकर जातोस." चार वर्षं आम्ही असे खेळलो. मी त्याची माफी मागितली नाही. रोज ठरवायचो. मग त्याचा डाव बघायचो, आणि ते माझ्या हातून सुटत आलेलं खांद्याचं वळण दिसलं की पुन्हा तोंड कडू व्हायचं.

मध्यंतरी दादा गेले. त्यांच्या मागे पंचाचं काम कुणी घ्यायचं यावर बैठक झाली तेव्हा मधूने माझं नाव सुचवलं. वकीलसाहेबांनाही आश्चर्य वाटलं. "श्रीधर?"

"हो," मधू म्हणाला. "त्याला ऐकू येईल. इतरांना तो शब्द गोंगाटात ऐकू येत नाही."

मी ते काम पुढे एकोणीस वर्षं केलं. त्या काळात याच कारणासाठी सात जणांना मैदानाबाहेर काढलं. प्रत्येक वेळी कुणीतरी वाद घालायला यायचं की एका शब्दासाठी एवढी शिक्षा कशाला. एकाच्या वडिलांनी मला विचारलं, "तुमच्या वेळी कुणी असं बोलत नव्हतं का?" मी म्हणालो, "मी बोलत होतो." पण हे सगळं नंतरचं. मला मधूच्या जाण्याबद्दल सांगायचं आहे.

मध्य भारत मोडून नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर माणसंही निघाली. नव्या सरकारी छापखान्यात नक्षीकाम आणि अक्षरं काढणारा माणूस हवा होता. मधूला ती नोकरी मिळाली. माझीही बदली होण्याची शक्यता होती, पण माझं नाव यादीतून राहून गेलं. तो राजधानीत चालला आणि मी इथेच राहणार, याचाही मला हेवा वाटला. काय सांगू!

दुपारची गाडी होती. मंडळातले चार-पाच जण स्टेशनवर आले होते, हार घालून लवकर पांगले. मधूची आई डब्यात बसली. फलाटावर आम्ही दोघंच उरलो. मधू माझ्याशी बोलत होता, पण दर थोड्या वेळाने त्याची नजर फाटकाकडे जात होती. तो कुणाची वाट पाहतोय ते मला माहीत होतं. शेवटी मला राहवलं नाही.

"किशन येणार नाही, मधू. माझ्यामुळे येणार नाही. तेव्हा मी जे बोललो ते..."

"माहीत आहे," मधू म्हणाला. "तुला एक सांगू? मला तुझा फार हेवा वाटायचा."

"माझा?"

"घाटावर बसलो की किशन तुझ्याबद्दलच बोलायचा. श्रीधर शाळेत असा होता, श्रीधरने मला गणितात पास केलं, श्रीधर पूर आला तेव्हा माझ्यासाठी पाण्यात उतरला. रोज. मी ऐकून घ्यायचो. आणि मनात म्हणायचो, हा आपल्याबद्दल कुणाला असं सांगत असेल का?"

शिट्टी झाली. तो डब्यात चढला. दारात उभा राहून म्हणाला, "चल, मिळू पुन्हा." आम्ही उज्जैनची मराठी माणसं 'भेटू' म्हणत नाही, 'मिळू' म्हणतो. गाडी हलली. आम्ही पुन्हा मिळालो नाही. अकरा वर्षांनी भोपाळला तो हृदयविकाराने गेल्याचं मला पत्राने कळलं.

त्या दुपारी गाडी गेल्यावर मी घरी न जाता सायकल काढली आणि थेट भैरवगढ गाठलं. इतक्या वर्षांचं सगळं किशनला सांगायचं असं ठरवून गेलो. तो कारखान्यात नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, सकाळचे बाहेर गेलेत, काम आहे म्हणाले. मी ओल्या कापडांच्या रांगेशेजारी बसून राहिलो. तासाभराने किशन सायकल ढकलत आला. सदरा घामाने भिजलेला, चेहऱ्यावर धुळीचे ओघळ. मला पाहून थबकला.

मी म्हणालो, "मधू गया. गाड़ी निकल गई."

"पता है," किशन म्हणाला. "पुल पर खड़ा था. वहाँ से देखी."

तो नळाखाली तोंड धुवायला गेला. मी जे सांगायला आलो होतो त्यातलं काहीच मला सांगता येईना. उन्हात तासन्‌तास रेल्वेच्या पुलावर उभं राहून, खालून जाणाऱ्या एका गाडीचं छप्पर बघायला कुणी माझ्यासाठी आलं नसतं. इतकं सगळं होऊनही त्या क्षणी मला पुन्हा मधूचा हेवा वाटला, आणि या वेळी तो लपवावासा वाटला नाही. किशन पंच्याने तोंड पुसत परत आला तेव्हा मी रडत होतो. त्याने सायकल भिंतीला लावली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसला.